थायरॉईडची गोळी, अश्वगंधा आणि एकच बिल

ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी फार्मासिस्ट, पुण्याच्या एका उपनगरात आमचं मेडिकल आहे. या प्रकरणात मी बघ्याच्या भूमिकेत नव्हते हे आधीच कबूल करते, कारण ज्या दोन वस्तूंची गाठ पडून हे सगळं घडलं त्या दोन्ही माझ्याच काऊंटरवरून, एकाच पिशवीत, एकाच बिलावर गेल्या होत्या.

पार्श्वभूमी

काकू ५२ वर्षांच्या. घरातूनच पोळीभाजी केंद्र चालवतात, सकाळी साडेपाचला कणीक भिजवायला घेतात, हाताखाली दोघीजणी आहेत तरी लाटायला स्वतः बसतात कारण दुसऱ्या कुणाची पोळी त्यांना पटत नाही. २०१४ पासून हायपोथायरॉईड (थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन कमी पडणं), अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉईडवर उठलीये असा प्रकार. थायरॉक्सिन, म्हणजे तेच हार्मोन गोळीतून, ७५ मायक्रोग्रॅम रोज, गेली चारपाच वर्षं डोस हललेला नाही. जूनमधला टीएसएच (थायरॉईडची मुख्य रक्ततपासणी; हार्मोन कमी पडलं की हा आकडा चढतो, जास्त झालं की उतरतो) २.८, म्हणजे ठीक. शुगर नाही, बीपी नाही, दमा नाही, पाळी जाऊन दोन वर्षं झालेली.

नवरात्र संपलं, उपासाच्या ऑर्डरी संपल्या आणि काकू पार गळून गेल्या. दुपारी पाठ टेकली की उठवत नव्हतं आणि रात्री मात्र तीनला टक्क जाग. जाऊबाईंनी सांगितलं आस्कंद घे. आस्कंद म्हणजे अश्वगंधा, जुन्या बायका अजून हेच नाव घेतात. बळ देणारं रसायन म्हणून तिची ख्याती फार जुनी, आणि शास्त्रीय नावातच सोम्निफेरा आहे म्हणजे झोप आणणारी, त्यामुळे थकवा आणि झोप दोन्हीवर एकच औषध हा हिशोब वरवर पाहता काही चुकीचा नव्हता. काकूंनी पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून पावकिलो चूर्ण सुटं आणलं, घरी येऊन स्टीलच्या डब्यात ओतलं आणि पुडा केराच्या टोपलीत. रात्री दुधात एक चमचा, वर थोडं तूप.

दोन आठवड्यांत बरं वाटायला लागलं. मग नोव्हेंबरच्या सुरुवातीला थायरॉक्सिनची डबी न्यायला आल्या तेव्हा काऊंटरवर ठेवलेल्या अश्वगंधाच्या कॅप्सूल दिसल्या, "चूर्ण घशात बसतं गं, हे बरं" म्हणाल्या, मी पण "घ्या की, चांगलं आहे" म्हणून दिल्या. ५०० मिलिग्रॅम अर्क, दिवसातून दोन. केस गळतात म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्याही दिल्या, १० मिलिग्रॅमच्या. मला वाटलं चूर्ण बंद करून कॅप्सूल घेतील. त्यांना वाटलं चूर्णाच्या जोडीला कॅप्सूल. विचारलं कुणीच नाही, ना मी ना त्यांनी.

अजून एक बारीक गोष्ट घडलेली जी मला तेव्हा माहीतच नव्हती. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने ऑक्टोबरमध्येच काकूंना सांगितलं होतं की ही गोळी चहासोबत घेऊ नका, उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा-पाऊण तास थांबा. अगदी बरोबर सल्ला. पण काकू वर्षानुवर्षं दुधाच्या चहाबरोबर गोळी घेत आल्या होत्या आणि त्यांचा ७५ चा डोस त्याच सवयीवर बसलेला होता. पद्धत सुधारली तर तीच गोळी जास्त शोषली जाणार. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

अडचण कुठे सुरू झाली

नोव्हेंबर संपता संपता काकू खुशीत होत्या. ६८ किलोवरून साडेचौसष्ट. जेवण तेवढंच, किंबहुना भूक वाढलेली, तरी वजन उतरतंय. ब्लाऊज सैल झाले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला अश्वगंधाचं कौतुक ऐकवत होत्या आणि त्यातल्या दोघी माझ्याकडून तीच कॅप्सूल घेऊन गेल्या हेही सांगून टाकते.

खटकलं ते त्यांच्या हाताखालच्या बाईला. काकूंची पोळी कडेला कातरल्यासारखी येत होती. लाटणं फिरवताना उजवा हात बारीक थरथरायचा, पीठ भुरभुरवताना चिमूट ताटाबाहेर पडायची. डिसेंबरच्या थंडीत काकू पंखा लावून पोळ्या लाटत होत्या आणि बाकीच्या दोघी स्वेटर घालून बसल्या होत्या. दिवसातून तीनदा शौचाला जावं लागायचं, एक जिना चढला की छातीत धडधड. आणि जी झोप मिळावी म्हणून सगळा खटाटोप केला ती आता आधीपेक्षा वाईट.

डिसेंबरच्या मध्यावर फॅमिली डॉक्टरांकडे गेल्या. नाडी १०८, बीपी १४६/७८. डॉक्टरांनी विचारलं, बाकी काही औषधं चालू आहेत का? काकू म्हणाल्या, थायरॉईडची सोडून काहीच नाही. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या बरं का. त्यांच्या लेखी चूर्ण हे औषध नाही, ते दुधात घालायचं असतं. कॅप्सूल म्हणजे त्याच चूर्णाची सोय. बायोटिन केसांसाठी, म्हणजे खोबरेल तेलाच्या खात्यात. डॉक्टरांनी पाळीनंतरचा त्रास आणि कामाचा ताण असावा असं म्हटलं, धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल १० मिलिग्रॅम दोनदा लिहून दिलं आणि सवडीने टीएसएच करून घ्या असं चिठ्ठीच्या तळाला लिहिलं.

पहिला निर्णय, काऊंटरवर

त्याच संध्याकाळी काकू माझ्याकडे. चिठ्ठी पुढे केली, म्हणाल्या हे दे, थायरॉईडची डबी पण संपत आलीये ती दे, आणि ती अश्वगंधाची पण अजून एक. मी तिन्ही काढून काचेवर ठेवलं. थायरॉक्सिन, प्रोप्रॅनोलॉल, अश्वगंधा, शेजारी शेजारी. बिल करायला कीबोर्डवर हात गेला आणि तिथेच थांबला. धडधडीची गोळी थायरॉईडच्या पेशंटला का लागतेय हा साधा प्रश्न तेव्हा डोक्यात आला, महिन्याभरापूर्वी यायला हवा होता.

त्यांना म्हणलं हात पुढे करा, बोटं पसरा. बोटांवर कागद ठेवला तर कागद थरथरत होता.

माझ्यापुढे तीन रस्ते होते. गुपचूप बिल करायचं, कारण चिठ्ठी डॉक्टरांची आहे आणि अश्वगंधा काही प्रिस्क्रिप्शनचं औषध नाही. किंवा काकूंना परस्पर सांगायचं की हे सगळं बंद करा. किंवा डॉक्टरांना फोन लावायचा. पहिला रस्ता आमच्या धंद्यात रोज शंभर वेळा घेतला जातो, त्यात काही विशेष नाही. दुसऱ्यात मोठा धोका असा की घाबरलेला माणूस "सगळं बंद" म्हटल्यावर थायरॉक्सिनही बंद करतो आणि दोन महिन्यांनी सुजून येतो. मी प्रोप्रॅनोलॉल दिलं (दमा असेल तर ते चालत नाही, म्हणून दमा नाही हे परत विचारून), कॅप्सूल परत आत ठेवली, चूर्ण आज रात्रीपासून घ्यायचं नाही म्हणून सांगितलं आणि डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टर चिडले नाहीत, पण त्यांना पटलंही नाही. म्हणाले, अश्वगंधा थायरॉईडवाल्यांना उलट चांगली म्हणतात ना? हे म्हणणं हवेतलं नाही. २०१८ साली आपल्याकडच्याच एका अभ्यासात थायरॉईड किंचित कमी असलेल्या ५० जणांपैकी काहींना मुळाचा अर्क रोज ६०० मिलिग्रॅम आठ आठवडे दिला होता, आणि बाकीच्यांच्या तुलनेत त्यांचा टीएसएच उतरला, टी-३ आणि टी-४ ही थायरॉईडची हार्मोन्स वाढली. त्याच्याही आधी, १९९८-९९ च्या सुमाराला इंदूरच्या विद्यापीठात उंदरांवर केलेल्या कामात टी-४ वाढल्याचं दिसलं होतं. पण गंमत बघा, हाच पुरावा दुसऱ्या बाजूने वाचला तर धोक्याची सूचना आहे. जी वनस्पती थायरॉईड हार्मोन वर ढकलते ती, आधीच बाहेरून पूर्ण डोस घेणाऱ्या माणसाला दिली तर बेरीज कुठे जाणार? "थायरॉईडला चांगली" या दोन शब्दांत कमी असलेला थायरॉईड आणि गोळीने बरोबर केलेला थायरॉईड यातला फरक पुसला जातो, आणि आमच्या काऊंटरवर येणारे बहुतेक सगळे दुसऱ्या प्रकारचे असतात.

एवढं ऐकल्यावर डॉक्टर म्हणाले टीएसएच उद्याच करायला सांगा, सोबत फ्री टी-४ पण.

रिपोर्ट आणि माझी दुसरी चूक

टीएसएच ०.०२. फ्री टी-४ २.६, जिथे लॅबची वरची मर्यादा १.८ होती. म्हणजे थायरॉईड हार्मोन चांगलंच जास्त. काकूंच्या मुलीने रिपोर्ट मोबाईलवर पाठवला तो वाचता वाचता मला आठवलं, बायोटिन! ते बंद करायला मी सांगितलंच नव्हतं, सकाळी गोळी घेऊनच काकू रक्त देऊन आल्या होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बऱ्याच लॅबच्या मशीनमध्ये तपासणीची जी पद्धत आहे तिच्यात बायोटिन हाच एक दुवा म्हणून वापरलेला असतो. रक्तात बाहेरून घेतलेलं बायोटिन भरपूर असलं की मशीन फसतं, आणि फसतं तेही विचित्र पद्धतीने, टीएसएच खोटा कमी दाखवतं आणि टी-४ खोटा जास्त. म्हणजे अगदी हायपरथायरॉईडचंच चित्र. केसांसाठी मिळणाऱ्या ५-१० मिलिग्रॅमच्या गोळ्या रोजच्या गरजेच्या शेकडो पट असतात, गरज असते मायक्रोग्रॅममध्ये, साधारण तीसचाळीस.

मग प्रश्न असा उरला की रिपोर्ट खरा किती आणि खोटा किती. नाडी, थरथर, वजन हे काही मशीनने बनवलेलं नव्हतं, ते खरं होतंच. पण आकड्यावर गोळीचा डोस ठरणार होता. फॅमिली डॉक्टरांनी एका एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे) पाठवलं, अपॉइंटमेंट चार दिवसांनी मिळाली, आणि त्या चार दिवसांचा उपयोग असा झाला की बायोटिन बंद करून रक्त परत द्यायचं ठरलं. थायरॉक्सिन तेवढे दिवस तसंच चालू, प्रोप्रॅनोलॉल चालू.

चार दिवसांनी टीएसएच ०.०३, फ्री टी-४ २.१. म्हणजे बायोटिनने आकडा थोडा फुगवलेला असावा, अश्वगंधा थांबल्याचा थोडा परिणाम असेल, पण आजार कागदी नव्हता.

संशयित किती, आणि पर्याय काय होते

एंडोक्रायनॉलॉजिस्टने काकूंना जो पहिला प्रश्न विचारला तो मी नंतर चोरला. "रात्री दुधात काय घालता?" अजून काही औषधं चालू आहेत का असं नाही विचारलं. दुधात काय, सकाळी अनशापोटी काय, केसांसाठी काय, गुडघ्यासाठी काय. पाच मिनिटांत सगळी यादी बाहेर आली, चहाची भानगडही त्यातच निघाली. काकू म्हणाल्या ऑक्टोबरपासून गोळी पाण्याबरोबर घेते, तुमच्या मेडिकलमधल्या पोरानेच सांगितलं. मी शेजारच्या खुर्चीत बसलेली, काय बोलणार.

तर संशयित असे. गोळीचं शोषण वाढलं. अश्वगंधाने हार्मोन वाढवलं. हाशिमोटोमध्ये (प्रतिकारशक्ती थायरॉईडवर उठण्याचा काकूंचा प्रकार तोच) कधीकधी ग्रंथी स्वतःच फुटल्यासारखी होऊन साठलेलं हार्मोन रक्तात सांडतं, तसं काही झालं, मग ते आपणहून असो की अश्वगंधाने डिवचल्यामुळे. जपानमधून तसं एक प्रकरण छापून आलेलं आहे, अश्वगंधा घेणाऱ्या एका पेशंटला दुखणं नसलेली थायरॉईडची सूज आली होती. आणि शेवटचा संशयित ग्रेव्हज, म्हणजे ग्रंथी खरोखरच अतिकाम करायला लागलीये.

ग्रेव्हजसाठी अँटिबॉडीची तपासणी केली, निगेटिव्ह आली. तीसुद्धा बायोटिन बंद केल्यावरच केली हे बरं, कारण त्या तपासणीलाही बायोटिन फसवू शकतं. थायरॉईडच्या स्कॅनचा विषय निघाला, मुलगी तयारही होती, पण डॉक्टरांनी समजावलं की गोळी जास्त झाली असेल तरी स्कॅनमध्ये ग्रंथी थंड दिसणार आणि सूज असेल तरी थंडच दिसणार, मग पैसे कशासाठी घालवायचे? नाही केला. ईसीजीत ठोके जलद, लय मात्र नियमित. लिव्हरची तपासणी केली, एसजीपीटी ५८, किंचित वर.

लिव्हरचं मुद्दाम सांगते कारण टॉनिकवाल्या माणसाला त्याची कल्पनाच नसते. २०२० मध्ये आईसलंड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अश्वगंधा घेणाऱ्या पाच जणांची माहिती छापली, सगळ्यांना कावीळ झाली होती, कुणाला दोन आठवड्यांत कुणाला बारा, कुणाचंही लिव्हर निकामी झालं नाही, चौघांच्या तपासण्या काही महिन्यांत नॉर्मल झाल्या, पाचव्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. नंतर भारतातूनही अशी प्रकरणं आली. लाखो लोक घेतात आणि त्यांना काही होत नाही हेही तितकंच खरं आहे. काकूंचा ५८ कशामुळे होता हे छातीठोकपणे सांगता येत नाही, हार्मोन जास्त असलं तरी एसजीपीटी वाढतं.

आता काय बंद करायचं? पुस्तकी उत्तर असं की एकेक गोष्ट बंद करा, दर वेळी तपासा, म्हणजे गुन्हेगार सापडतो. कागदावर छान वाटतं. पण थायरॉक्सिन रक्तातून अर्धं कमी व्हायलाच आठवडा लागतो आणि टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे, म्हणजे एकेक करत बसलं तर जून उजाडला असता. पाळी गेलेल्या बाईला इतके महिने हार्मोन जास्त राहणं म्हणजे हाडं झिजणं आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका. दुसरा पर्याय फक्त थायरॉक्सिन कमी करायचं आणि अश्वगंधा चालू ठेवायची, काकूंना हाच हवा होता. "ती घेतल्यापासून अंगात जोर आला, तीच का बंद?" त्यात अडचण अशी की सुट्या चूर्णाचा डोस रोज वेगळा, त्यावर गोळीचा डोस बसवायचा म्हणजे वाळूवर भिंत.

ठरलं असं की अश्वगंधा आणि बायोटिन पूर्ण बंद, थायरॉक्सिन दहा दिवस थांबवायचं आणि मग ५० ने सुरू करायचं, पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी. प्रोप्रॅनोलॉल नाडी उतरेपर्यंत.

चमचा मोजला तेव्हा

एक उद्योग मी माझ्या समाधानासाठी केला. काकूंना म्हणलं तुमचा तो चूर्णाचा डबा आणि चमचा दुकानात घेऊन या. आणला. चमचा पोहे खायचा, आणि भरायची पद्धत शिगोशीग, कडेला डोंगर. आमच्याकडे छोटा डिजिटल काटा आहे त्यावर तीनदा मोजला, सहा-साडेसहा-सात ग्रॅम. आयुर्वेदाच्या सरकारी फार्माकोपियात अश्वगंधा चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम आहे. म्हणजे चूर्णच वरच्या मर्यादेला टेकलेलं. त्यावर कॅप्सूल. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं अर्क १०:१, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमागे पाच ग्रॅम मूळ, दोनचे दहा. मिळून दिवसाला सतरा ग्रॅमच्या आसपास. हा हिशोब ढोबळ आहे, चूर्णातून मिळणारं आणि अर्कात उतरणारं सारखं नसतं, पण काकू ज्याला "एक चमचा आणि दोन गोळ्या" म्हणत होत्या ते ग्रंथातल्या कमाल मात्रेच्या तिप्पट जवळ जात होतं हे काट्यावर बघितल्यावर त्या स्वतःच गप्प झाल्या.

चूर्ण नक्की कशाचं होतं हाही प्रश्न आहेच. पारंपरिक वापर मुळाचा. पानांचं चूर्ण मिसळलं जातं अशी शंका होती म्हणूनच आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं होतं. काकूंच्या डब्यातल्या चूर्णावर ना नाव ना बॅच ना तारीख. कॅप्सूलची डबी निदान होती. ती बघताना एक लक्षात आलं जे मी इतकी वर्षं विकूनही नीट पाहिलं नव्हतं, माझ्याच शेल्फवर अश्वगंधाच्या तीन डब्या, दोनवर आयुर्वेदिक औषधाचा लायसन्स नंबर आणि एकीवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी, म्हणजे ती कायद्याने अन्न. डेन्मार्कने २०२३ मध्ये फूड सप्लिमेंटमधून अश्वगंधावर बंदीच घातली, त्यामागच्या कारणांत थायरॉईडचाही उल्लेख होता. मला ती बंदी टोकाची वाटते. पण आपल्याकडे तर डबीवर "थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं" एवढी ओळ शोधायलाही भिंग लागतं.

पुढे काय झालं

दोन आठवड्यांत थरथर कमी झाली. मुलीने पोळीचा फोटो पाठवला, कड गोल! नाडी ८४. प्रोप्रॅनोलॉल महिन्याभरात बंद. सहा आठवड्यांनी टीएसएच ०.४, फ्री टी-४ १.३, एसजीपीटी ३१. बारा आठवड्यांनी टीएसएच ६.८, म्हणजे आता उलट बाजूला, ५० पुरत नव्हती. परत ७५ केली. त्यानंतर आठ आठवड्यांनी टीएसएच ३.१.

हा शेवटचा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. कारण आता गोळी पाण्याबरोबरच चालू आहे, डोस जुनाच ७५, आणि टीएसएच व्यवस्थित. चहा सोडल्यामुळे शोषण वाढून एवढा घोळ झाला असता तर ७५ वर तो परत दिसायला हवा होता. बायोटिनने आकडा बिघडवला असेल पण हात थरथरवला नव्हता. उरतात दोघं, अश्वगंधा आणि ग्रंथीची सूज, आणि यातली सूज ही येऊन जाणारी असते, आधी जास्त मग कमी मग ठीक, काकूंचा आलेख त्या साच्यातही बसतो. परत अश्वगंधा देऊन बघितलं तर कळेल, पण ते कुणी शहाणा करणार नाही. त्यामुळे रिपोर्ट पाठवताना आम्ही "शक्य" एवढंच म्हटलं, "नक्की" नाही म्हटलं.

हो, रिपोर्ट पाठवला. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया २०१० पासून चालू आहे, त्याचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, पेशंट स्वतःही कळवू शकतो. फॉर्म भरताना कॅप्सूलचा बॅच नंबर लिहिला, चूर्णाच्या रकान्यात रेघ ओढली. इतक्या वर्षांत मी भरलेला हा पहिला फॉर्म, आता लाज वाटते सांगायला.

मधल्या काळात काकू एका वैद्यांकडेही जाऊन आल्या, मीच सुचवलं होतं, कारण थकवा आणि झोपेची तक्रार मूळची होतीच ती कुठे गेली नव्हती. वैद्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. म्हणाले अश्वगंधा उष्ण, अंगातून वाफा निघणाऱ्या बाईला मी ती दिलीच नसती, दिली असती तर तीन ग्रॅम, महिनाभर, आणि नाडी बघून. त्यांनी रात्रीचं जेवण लवकर आणि दुपारची झोप बंद एवढंच सांगितलं. काकूंना ते फारसं आवडलं नाही, फी देऊन औषध नाही म्हणजे काय.

आता वेगळं काय करते, काय करता आलं असतं

डॉक्टरांनी बारीक चौकशी केली असती तर, असं म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्या ओपीडीत त्या सकाळी चाळीस माणसं होती आणि सगळी माहिती एकत्र असलेली जागा एकच होती, माझा कॉम्प्युटर. थायरॉक्सिन आणि अश्वगंधा एकाच बिलावर होत्या. सॉफ्टवेअर एक्सपायरीला लाल दिवा दाखवतं, जीएसटी चुकला तर ओरडतं, याला काही म्हणालं नाही. आता थायरॉक्सिनच्या खणाला मी पिवळी पट्टी चिकटवलीये आणि त्यावर लिहिलंय "दूध? केस?" आमचा मुलगा आधी हसला होता, परवा त्यानेच एका गरोदर मुलीला अश्वगंधा परत ठेवायला लावली.

नोव्हेंबरात काकूंनी कॅप्सूल घेतली तेव्हा "घ्या की" च्या जागी "घ्यायची तर घ्या पण सहा आठवड्यांनी टीएसएच करा, आणि चूर्ण किंवा कॅप्सूल यातलं एकच" एवढं वाक्य पुरलं असतं. बायोटिन देताना रक्त तपासायच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा हे सांगायला हवं होतं, ते आता पाकिटावर पेनने लिहून देते. चहाचा सल्ला बरोबरच होता, पण वर्षानुवर्षांची पद्धत बदलायला लावली की त्यानंतर तपासणी लागते हे त्या मुलाला मी शिकवलं नव्हतं. आणि ज्या दोघी काकूंचं ऐकून कॅप्सूल घेऊन गेल्या त्यांना फोन करायला मला तीन आठवडे लागले. एकीला काही नव्हतं, दुसरीची शुगरची गोळी चालू होती, अश्वगंधाने साखरही थोडी उतरू शकते, तिला तपासून घ्यायला सांगितलं, ठीक निघाली.

जे मी आजही तसंच करेन ते म्हणजे तो फोन, आणि थायरॉक्सिन परस्पर बंद करायला न सांगणं. प्रोप्रॅनोलॉल थांबवायला हवं होतं असं आमच्या एका मित्राचं म्हणणं आहे, म्हणजे लक्षणं झाकली गेली नसती. मला नाही पटत, १०८ नाडीने जिना चढणाऱ्या बाईला केवळ निदान स्वच्छ राहावं म्हणून ताटकळत ठेवायचं का?

परवा काकू डबी न्यायला आल्या. वजन परत ६७, त्याचा राग माझ्यावरच. बिल करता करता विचारलं, ते उरलेलं चूर्ण टाकलंत ना?

"टाकायचं कशाला गं, दुसऱ्यांदा आणलेल्या पावकिलोतलं चांगलं निम्मं होतं. शेजारच्या वहिनींना दिलं, त्या पण सारख्या दमतात."

"त्यांना थायरॉईड आहे का?"

"ते नाही बाई विचारलं."